टाइट एंड कितव्या राउंडला घ्यायचा, हे मी कसं ठरवतो

फँटसी फुटबॉलमध्ये आपण अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंतून राउंडमागून राउंड आपला संघ निवडतो (हाच ड्राफ्ट), आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. त्यात आपल्या लीगची गुणपद्धती डोळ्यांसमोर असल्याशिवाय मी टाइट एंडची, म्हणजे पास झेलणाऱ्या आणि प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्याही खेळाडूची, यादी करायला बसत नाही. एका झेलाला 1 गुण, अर्धा, शून्य की टाइट एंडला खास 1.5, यावर अख्खा क्रम फिरतो. 2024 चे आकडे घ्या. ब्रॉक बावर्स: 112 झेल, 1194 यार्ड, 5 टचडाउन. जॉर्ज किटल: 78 झेल, 1106 यार्ड, 8 टचडाउन. दर 10 यार्डांना 1 आणि टचडाउनला 6 धरले, तर फुल पीपीआरमध्ये (म्हणजे झेलाला 1 गुण) बावर्सचे 261.4 होतात, किटलचे 236.6. झेलाला 1.5 असतील तर हे अंतर 25 वरून 42 वर जातं. झेलाला काहीच नसेल तर किटलच पुढे, 158.6 विरुद्ध 149.4. त्यात किटल 15 सामने खेळला आणि बावर्स 17. सामन्यामागे काढलं तर फुल पीपीआरमध्येही किटल 15.8, बावर्स 15.4. म्हणून माझ्या शीटमध्ये एकूण गुण आणि सामन्यामागचे गुण हे दोन रकाने कायम शेजारी असतात.

यानंतर टचडाउन बाजूला काढतो, कारण फसगत सर्वांत जास्त इथेच होते. ग्रीन बेच्या रॉबर्ट टोन्यनने 2020 मध्ये 52 झेल, 586 यार्ड आणि 11 टचडाउन केले. अटलांटाच्या काइल पिट्सने 2021 मध्ये 68 झेल, 1026 यार्ड आणि फक्त 1 टचडाउन. फुल पीपीआरमध्ये दोघांची बेरीज अगदी सारखी येते, 176.6. मी साधारण 14 झेलांमागे 1 टचडाउन धरून पुन्हा मांडतो: टोन्यनचे 4 म्हणजे 134.6, पिट्सचे 5 म्हणजे 200.6. टोन्यनच्या बाबतीत हा हिशेब खरा ठरला. पुढच्या हंगामात दुखापत होईपर्यंतच्या 8 सामन्यांत त्याचे 2 टचडाउन झाले. पिट्सच्या बाबतीत मात्र चुकला. 2022 मध्ये 10 सामन्यांत 28 झेल, 356 यार्ड, आणि मग त्यालाही दुखापत. त्या वर्षी अटलांटा पासपेक्षा धावण्याचे डाव जास्त खेळत होता. चेंडू हवेत जाणारच नसेल, तर खेळाडू कितीही गुणी असला तरी टार्गेट, म्हणजे त्याच्याकडे फेकलेले पास, येणार कुठून? तेव्हापासून खेळाडूच्या आधी मी त्याच्या संघाचे पास मोजतो.

मग रूट, म्हणजे पास झेलायला धावायची वाट. मैदानावर किती स्नॅप (डाव) होता, हा आकडा टाइट एंडसाठी अर्धवट आहे, कारण त्यातले कितीतरी स्नॅप ब्लॉकिंगचे, म्हणजे समोरच्याला अडवण्याचे असतात. संघाच्या पासच्या डावांपैकी किती वेळा तो रूट धावला, हे बघायचं. 80 टक्क्यांच्या वर असेल तर विश्वास ठेवतो. 65 च्या खाली असेल तर शेवटच्या राउंडपर्यंत हात लावत नाही. संघाच्या टार्गेटांत 20 टक्के वाटा आणि दर रूटला 2 यार्ड, ही दोन्ही जमली तर तो वरच्या गटातला. नवखा म्हणून कुणाला खाली ढकलत नाही: 2023 चा सॅम लापोर्टा आणि 2024 चा बावर्स, दोघंही पहिल्याच वर्षी चालले.

खरी किंमत निघते ती तुलनेतून. 12 संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाला 1 टाइट एंड लागतो, म्हणजे तेरावा फुकटात मिळतो. त्याच्यापेक्षा आपला खेळाडू किती वर, तेवढीच त्याची किंमत. समजा तेराव्याचा अंदाज 140 आहे. दुसऱ्या राउंडला 240 चा टाइट एंड मिळतोय, म्हणजे 100 ची कमाई. त्याच जागी वाइड रिसीव्हर (मुख्यतः पास झेलणारा खेळाडू) घेतला तर त्याच्या स्वतःच्या फुकटवाल्यापेक्षा 85 वर. इथेच थांबू नका. सहाव्या राउंडला काय उरेल तेही मांडा. तिथे रिसीव्हर 35 देत असेल आणि टाइट एंड 25, तर आधी टाइट एंड घेण्याच्या जोडीचे 135 होतात आणि उलट्या जोडीचे 110. फायदा 25 चा, म्हणजे 17 सामन्यांत सामन्यामागे जेमतेम दीड गुण. अंदाज तेवढा चुकला तरी सौदा बरोबरीत सुटतो, म्हणून याहून कमी फायदा दिसला तर मी रिसीव्हरच घेतो.

2022 सारखं वर्ष वेगळं. ट्रॅव्हिस केल्सीचे 110 झेल, 1338 यार्ड, 12 टचडाउन, टी. जे. हॉकेन्सनचे 86 झेल, 914 यार्ड, 6 टचडाउन. फुल पीपीआरमध्ये 100 हून जास्त गुणांची दरी, आणि झेलाला शून्य धरलं तरी 78 ची! अशी दरी अंदाजातच दिसत असेल तर पहिला राउंडही महाग नाही.

वरचा गट निसटला की सहावा ते दहावा टाइट एंड मधल्या राउंडला घेणं मला पटत नाही. त्यांच्यात आणि तेराव्यात फरक थोडा, आणि त्या राउंडला चांगले रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) अजून शिल्लक असतात. त्याऐवजी शेवटी दोन घ्यावेत, बाय वीक (संघाचा सुट्टीचा आठवडा) वेगवेगळे बघून, दोघंही भरपूर रूट धावणारे. 2024 मध्ये मायामीच्या जॉनू स्मिथने 88 झेल, 884 यार्ड आणि 8 टचडाउन केले, आणि कितीतरी ड्राफ्टांत त्याचं नाव कुणी घेतलंही नव्हतं. पहिल्या तीन आठवड्यांत कुणाचे रूट वाढले, हे दर मंगळवारी बघून वेव्हरवर (कुणाच्याच संघात नसलेल्यांसाठीच्या मागणीत) नाव टाकायचं. टचडाउन दिसेपर्यंत थांबलं, की दुसरा कुणीतरी त्याला उचलतो.