केबल लांब का नाय करता येत

परवा वाळूजला एका शेडवर गेलतो, मार्किंग मशीनच्या सर्विसला. बेअरिंगच्या रिंगांवर नंबर टाकायची २० वॅटची पल्स फायबर लेझर. काम झालं, चहा आला, अन् तिथले काका म्हणले, "भाऊ, हिची केबल धा मीटरची करून द्या की, सोर्स आतल्या खोलीत ठिवतो, इथं धूळ लई." सोर्स म्हणजे लेझर तयार करणारा डबा, अन् केबल म्हणजे त्यातनं प्रकाश मार्किंगच्या जागी नेणारी काचेची तार, फायबर. मागणी रास्तच होती, पण ते होत नाही, अन् का होत नाही ते उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहायलोय.

२० वॅट ही सरासरी. विहिरीचं पाणी हौदात साठवून एकदम दांडात सोडावं तसं ही मशीन करती. सेकंदाला २० हजार पल्स, म्हणजे प्रकाशाचे झटके, धरले तर एका पल्समधी १ मिलिज्यूल, अन् ती साधारण १०० नॅनोसेकंदात बाहेर पडती, म्हणजे तेवढ्या वेळापुरते १० किलोवॅट, अन् ते सगळे केसापेक्षा कितीतरी बारीक काचेतून!

दांड फुटतो तो इथं. सर सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला जे दाखवलं तेच, रामन स्कॅटरिंग: रेणूंच्या कंपनात थोडी ऊर्जा जाती, अन् प्रकाश जास्त तरंगलांबीचा होऊन निघतो. एरवी हे नगण्य असतं. पण एवढ्या ताकदीत तो नवा प्रकाश मूळ प्रकाशातून अजून अजून ओढत जातो, अन् फायबर जेवढी लांब तेवढा जास्त.

मी पहिल्यांदा स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश ते दाखवणारं यंत्र) बघितलं ते अजून डोळ्यापुढं आहे. पॉवर वाढवत गेलो तर लेझरच्या मूळ प्रकाशाचा, १०६४ नॅनोमीटरचा शेंडा वर जायचा थांबला अन् उजव्या बाजूला १११५ च्या आसपास बारकं टेकाड उगवलं, मग बघता बघता मोठं झालं. पॉवरमीटरचा आकडा मात्र वाढतच होता! म्हणून नुसत्या मीटरवर भरवसा ठेवू नका, लेन्स अन् आरशांचं कोटिंग १०६४ साठी असतंय, नवा प्रकाश वेगळ्या जागी फोकस होतो अन् मार्क फिका पडतो.

दुसरं ब्रिल्वाँ स्कॅटरिंग. ते काचेतल्या ध्वनिलहरीवरून प्रकाश उलटा मागं पाठवतं, सोर्सकडंच, अन् ते तर जास्त घातक. पण ती लहर उभी राहायला काही नॅनोसेकंद लागतात अन् प्रकाशाचा रंग एकदम काटेकोर एकच लागतो, आपल्या मार्किंग सोर्सचा पट्टा रुंद असतो म्हणून आपण बहुतेक वाचतो.

कोअर, म्हणजे फायबरच्या मधला प्रकाश वाहणारा भाग, जाड केला तर रामनचा त्रास उशिरा सुरू होतो, पण मग बीम बिघडतो अन् बारीक अक्षर उठत नाही.

काकांना शेवटी सोर्सभोवती पत्र्याची पेटी करायला सांगितली, हवा आत यायला फिल्टर अन् बाहेर टाकायला पंखा. केबल आहे तीच, ३ मीटरची. पेटी झाली की फिल्टर बघायला परत जायचंय.