घेवड्याची वेल : दोन मिनिटांच्या अंतराने

मागील नोंदीत घेवड्याचे बी रुजून पहिली दोन पाने उलगडेपर्यंतचे टाइमलॅप्स चित्रण, म्हणजे ठरावीक अंतराने एकेक चित्र (फ्रेम) घेऊन ती सलग वेगाने दाखवणारे चित्रण, मांडले होते. त्यानंतर वेल काठीला लागली असून तिचे पहिले काही वेढे स्वच्छ टिपता आले आहेत. या टप्प्यावर सर्वाधिक विचार करावा लागला तो दोन फ्रेममधील अंतराचा, आणि माझे मत आता ठाम झाले आहे की हे अंतर अंतिम चित्रफितीच्या लांबीवरून नव्हे, तर वनस्पतीच्या हालचालीच्या वेगावरून ठरवले पाहिजे.

बी रुजताना दहा मिनिटांना एक फ्रेम पुरेशी होती. दिवसाच्या 144 फ्रेम म्हणजे सेकंदाला 25 या गतीने पावणेसहा सेकंदांचे चित्र, आणि कोंबाची संथ उचल त्यात सुरेख दिसते. दादासाहेब फाळके यांनी विलायतेहून आणलेल्या कॅमेऱ्याने वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून भांडवलदाराची खात्री पटवली, तेव्हाचा विषयही अंकुराची वाढ हाच होता आणि अशा विषयाला विरळ फ्रेम चालतात. वेलीचे तसे नाही. आधार शोधणारा घेवड्याचा शेंडा सुमारे दोन तासांत एक पूर्ण फेरी घेतो. दहा मिनिटांच्या अंतराने त्या फेरीला जेमतेम बारा फ्रेम मिळतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत सारा खेळ आटोपतो आणि शेंडा नुसता झटके देत फिरल्यासारखा वाटतो. अंतर दोन मिनिटांवर आणल्यावर त्याच फेरीला साठ फ्रेम मिळाल्या आणि ती जवळजवळ अडीच सेकंदांवर पसरली. शेंडा कोठे रेंगाळतो, कोठे वेग घेतो, हे त्यानंतरच डोळ्यांना कळू लागले. बियाणे घेताना ते वेल चढणाऱ्या जातीचे असल्याची खात्री करावी, कारण बुटक्या झुडुपी जातींत हा प्रकार पाहायला मिळणार नाही.

काठीला स्पर्श होण्याचा क्षण या नोंदीतील सर्वांत मोलाचा भाग आहे. वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारा शेंडा काठीवर येऊन टेकतो. टेकलेला भाग तेथेच अडकतो, परंतु त्याच्या पुढचा मोकळा भाग मात्र आपली फेरी सोडत नाही, आणि तसाच फिरत राहिल्यामुळे तो काठीभोवती गुंडाळला जातो. या काळात शेंड्याजवळची कोवळी लव काठीच्या खडबडीत सालीला घासत वर सरकताना स्पष्ट दिसते. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नळीऐवजी शेताच्या कुंपणावरची साधी काठी वापरण्याचा निर्णय त्यामुळे योग्य ठरला.

रात्रीचा प्रश्न जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या नाइटशॉट सुविधेने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात चित्रण करण्याच्या सोयीने, सोडवला. रात्रभर पांढरा दिवा लावला तर वेल त्याकडे झुकते, विशेषतः प्रकाशातील निळ्या भागाकडे, आणि मग आपण तिची स्वतःची फेरी न टिपता आपल्याच दिव्याचा परिणाम टिपत बसतो. अवरक्त प्रकाशात तसे होत नाही. पाने हा प्रकाश भरपूर परावर्तित करत असल्याने ती काळ्या पार्श्वभूमीवर फिकट आणि उजळ दिसतात. रंग मिळत नाही, पण संध्याकाळी खाली झुकणारी आणि पहाटे पुन्हा आडवी होणारी पाने सलग पाहता येतात. त्या मोबदल्यात रंग गमावणे मला मान्य आहे.

कॅमेऱ्यात कॅसेट ठेवलेली नाही, कारण कॅसेट असली की माझा कॅमेरा काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. चित्र थेट लॅपटॉपवर घेतले जाते. फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने पक्के केले आहेत आणि शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवले आहे, जेणेकरून 50 हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांची लुकलुक चित्रात उतरू नये. व्हिडिओ कॅमेऱ्याचा एक फायदा येथे आवर्जून सांगावासा वाटतो : दर वेळी एकच फ्रेम न घेता सेकंदभराच्या 25 फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढली, तर चित्रातील दाणेदारपणा सुमारे एक पंचमांशावर येतो, आणि रात्रीच्या चित्रणात हा फरक लगेच नजरेत भरतो.

आपल्या बेळगाव भागातील पावसाळी हवेत उपकरणांची काळजी घेणे आलेच. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत, आणि वीज गेल्यावर मांडणी विस्कटू नये म्हणून सर्व काही यूपीएसवर आहे.

मातीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. एका कुंडीत खानापूरकडची तांबडी माती आणि दुसरीत बैलहोंगलकडची काळी माती भरली होती. काळी माती पाणी मिळताच फुगते आणि वाळताना आकसून तिला भेगा पडतात. हे डोळ्यांना जाणवत नाही, परंतु टाइमलॅप्समध्ये कुंडीचा पृष्ठभाग सतत वरखाली होतो आणि त्याबरोबर रोपाचे बूडही हलते. फेरीचे मोजमाप घ्यायचे असेल तर ही हालचाल वजा करावी लागते. तांबडी माती बरीच स्थिर राहते, शिवाय तिच्या रंगावर हिरवा कोंब उठून दिसतो, म्हणून येथून पुढे मी तीच वापरणार आहे. काळ्या मातीचे ते फुगणे आणि भेगाळणे मात्र स्वतंत्रपणे चित्रित करण्याजोगे आहे आणि अथणी, रायबाग भागातील कोणी ते हाती घेतल्यास मला मनापासून आनंद होईल.

पुढील काम रताळ्याच्या वेलाचे आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत रताळ्याची लागवड वेलाचे तुकडे लावून केली जाते. असाच एक तुकडा काचेच्या उभ्या पेटीत काचेला लागून लावणार असून, पेऱ्यांवर फुटणारी मुळे टिपायची आहेत. मुळांवर उजेड पडू नये यासाठी काचेवर काळे कापड राहील, कॅमेरा त्या कापडाच्या आत असेल आणि दिवसाही चित्रण नाइटशॉटवरच होईल. सुरुवात पाच मिनिटांच्या अंतराने करतो आणि मुळाचे टोक एका फ्रेममधून दुसरीत किती सरकते ते पाहून अंतर बदलतो.