आमची वाटचाल : नंबरिंग मशीनच्या आधाराने

डिचोलीच्या बाजारापासून जवळच असलेल्या आमच्या छापखान्यात आज ऑफसेट आहे, डिजिटल यंत्र आहे, संगणक आहेत. तरीही नव्या गिऱ्हाइकाला मी आधी कोपऱ्यातले ट्रेडल, म्हणजे शिशाच्या अक्षरांनी छापायचे जुने यंत्र, दाखवतो आणि त्याच्या फर्म्यात, म्हणजे अक्षरे बसवायच्या चौकटीत, बसणारे, आगपेटीहून लहान असे सहा आकडी नंबरिंग मशीन त्याच्या हातात देतो. वरचा ठोकळा अंगठ्याने दाबला की आतले चाक एका दाताने सरकते आणि 004217 चे 004218 होते. या एवढ्याशा वस्तूमुळे 1993 साली माझी नोकरी राहिली, आणि ज्यांची जायला नको होती त्यांची गेली.

त्या वेळी मी म्हापशाच्या एका छापखान्यात ट्रेडलमन होतो. आम्ही तेरा जण होतो आणि त्यांतले सात जुळारी, म्हणजे एकेक अक्षर जुळवून मजकूर उभा करणारे, होते. इंग्रजी मजकूर जुळवायला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, दोन केसेस (खणांच्या पेट्या) पुरतात, देवनागरीला चार मांडाव्या लागतात, कारण अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा यांचे खिळे वेगवेगळे असतात. ज्या गोव्यात 1556 साली मुद्रणयंत्र आले, त्याच गोव्यात 1616 साली रायतूरला छापलेले मराठी पुराण रोमी लिपीत छापावे लागले, यात मला तरी नवल वाटत नाही. आमचे हेड कंपोझिटर भाई मात्र त्या चार केसेसकडे न पाहता, हस्तलिखितावर नजर ठेवून, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये ओळ उभी करत असत.

गणेश चतुर्थीनंतरच्या एका शनिवारी, पगाराच्या वेळी, मालकांनी सातांपैकी पाच जणांना एकेक करून आत बोलावले. आठवड्यापूर्वीच डीटीपीचा, म्हणजे मजकूर पडद्यावर जुळवणारा, संगणक आला होता आणि त्याच्यावर घातलेले प्लास्टिकही अजून काढलेले नव्हते. प्रत्येकाला एक महिन्याचा पगार मिळाला आणि पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या जागी भरपाईचा कायदा लागू होत नाही, असे सांगण्यात आले. भाईंची एकोणीस वर्षांची नोकरी अशी दहा मिनिटांत संपली. मला आत बोलावणे आले नाही. बिलबुकांचे नंबरिंग आणि परफोरेशन, म्हणजे पान फाडण्यासाठी भोकांची रेघ, संगणकाला करता येत नव्हते आणि ते काम मी करत होतो, एवढेच त्याचे कारण होते. माझ्यापेक्षा भाईंचा हात शंभर पटींनी चांगला होता.

उरलेल्यांची अवस्था काय असते, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. सोमवारी रिकाम्या स्टुलांच्या मधून वाट काढत मला ट्रेडलपर्यंत जावे लागले. दुपारी डबा खाताना कोणी कोणाकडे पाहिले नाही. पुढच्याच आठवड्यात गेलेल्यांचे प्रूफ वाचण्याचे कामही माझ्याकडे आले आणि पगार मात्र तेवढाच राहिला. नोकरी टिकल्याचा आनंद घरच्यांना झाला. मला बसस्टँडवर भाई दिसले की दुसऱ्या बाजूने जावेसे वाटत असे. शेवटी त्यांनीच मला गाठले आणि म्हणाले, “तूं राव रे. दोगूय गेल्यार घरां कशीं चलतलीं?” म्हणजे, तू थांब, दोघेही गेलो तर घरे कशी चालणार? मी त्यानंतर सात महिने राहिलो. त्या सात महिन्यांतली बचत आणि भाईंच्या पत्नीच्या दोन बांगड्या यांवर 1994 साली डिचोलीत भाड्याच्या गाळ्यात आमचा छापखाना उभा राहिला. जुन्या मालकांनी भंगारात काढलेल्या चारही केसेस आणि खिळे भाईंनीच विकत घेतले.

कायद्याची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली आणि ती येथे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य मानतो. पन्नास कामगारांची अट ले-ऑफच्या, म्हणजे काम नसताना तात्पुरते घरी बसवण्याच्या भरपाईला होती. कायमच्या कपातीला ती लागू नव्हती. औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 25 एफ प्रमाणे महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि त्याशिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देणे मालकावर बंधनकारक होते. भाईंचे 285 दिवसांचे वेतन बुडाले. त्यांनी तक्रार केली नाही. मी असतो तर केली असती, असे आज म्हणणे सोपे आहे. तरुण वाचकांनी नेमणुकीचा कागद आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात, एवढे नक्की सांगेन.

पुढची अठरा वर्षे बरी गेली. त्यांचे श्रेय लोहखनिजाच्या खाणींना द्यायला हवे, कारण खाणीवरून सारमानसच्या जेटीकडे जाणाऱ्या ट्रकच्या प्रत्येक खेपेला चलन, म्हणजे मालाची क्रमांक घातलेली पावती, लागे आणि ते चलन आम्ही छापत होतो. पांढरी, गुलाबी आणि पिवळी अशा तीन प्रती, तिन्हींवर एकच क्रमांक, आणि फाडताना मधली प्रत न फाटेल असे परफोरेशन. ट्रेडलवर तासाला हजार ठोके काढताना एखादे चाक अडकले तर तीन प्रतींचे क्रमांक जुळत नाहीत आणि पुस्तकांचा अख्खा गठ्ठा बाद होतो. नंबरिंग मशीन रोज रॉकेलने धुऊन त्यात शिवणयंत्राचे तेल एकच थेंब घालावे. दोन घातले तर शाई पसरते. आमच्या गल्ल्यातले दहापैकी सात रुपये या चलनांचे होते आणि तीच आमची चूक होती.

10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही खनिजाचे उत्खनन व वाहतूक रोखली. आमच्याकडे चाळीस रीम गुलाबी कागद पडून होता. जुनी उधारी मागायला ज्या ट्रकमालकाकडे जावे, त्याच्या दारात बँकेचा माणूस आधीच बसलेला असे.

आम्ही दोघे भागीदार आणि सात कामगार होतो. चार महिने ओढल्यावर जानेवारी 2013 मध्ये चौघांना कमी करावे लागले: बाइंडिंगच्या तीन बायका आणि एक हेल्पर. अकरा, नऊ, सहा आणि चार वर्षांची नोकरी, म्हणजे चौघांचे मिळून 450 दिवसांचे वेतन, शिवाय नोटिशीचा महिना. डिझायनर मुलगा येऊन दोनच वर्षे झाली होती, पण संगणक तोच चालवत असल्यामुळे तो राहिला. शेवटी आलेल्याने आधी जावे हा नियम त्या-त्या कामाच्या वर्गापुरता असतो, हे मी बाइंडिंगच्या थोरल्या बाईंना समजावू लागलो. त्यांनी हातातले हाडूक, ज्याने कागदाची घडी दाबतात ते, टेबलावर ठेवले आणि विचारले, “म्हणजे कालचा पोरगा राहणार आणि आम्ही जाणार, असंच ना मालक?” मला म्हापशाचा शनिवार आठवला, आणि या वेळी खुर्चीत मी होतो.

भरपाईसाठी पैसे नव्हते. ते कसे उभे करायचे हे भाईंनी मला न विचारता ठरवले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही केसेस काढल्या, खिळे गोणपाटात ओतले आणि शिसे, कथील, अँटिमनीच्या भावाने वजनावर विकले. सव्वातीनशे किलो भरले. भंगारवाल्याने काटा लावलेला असताना भाई वाकून फरशीच्या फटीतून एकेक मात्रा वेचत होते. त्यातून दोघींची भरपाई भागली. उरलेल्यांसाठी सोसायटीचे कर्ज काढले. सगळ्यांना पैसे सहीनिशी दिले.

या काळात समोरच्या इमारतीत नवा छापखाना उघडला. उघडणे हा गुन्हा नाही. परंतु त्यांनी आमचा ऑफसेटचा मशीनमन पगार दीडपट करून नेला, आणि तो जाताना आमच्या नमुन्यांची फाइलही त्याच्याबरोबर गेली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका देवस्थानच्या मुखत्यारांनी दोन पावतीपुस्तके माझ्यासमोर ठेवली. एक आमचे, दुसरे समोरच्याने नमुना म्हणून कमी दरात दाखवलेले. आमच्या पुस्तकावर जुन्या खिळ्याचा अनुस्वार दाबाखाली तुटल्यामुळे ‘पावती क्रमाक’ असे छापले जात असे आणि पुढे संगणकावर घेतानाही ते तसेच राहिले होते. समोरच्याच्या नव्या कोऱ्या पुस्तकावरही ‘क्रमाक’च होते. मुखत्यार म्हणाले, “चूक तुमची आहे, तर छपाईही तुमचीच असू दे,” आणि शंभर पुस्तकांची आगाऊ रक्कम देऊन गेले. त्या रकमेवर आम्ही तीन महिने काढले. तो अनुस्वार मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला.

21 एप्रिल 2014 रोजी वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेत खाणकामाला परवानगी मिळाली, तेव्हा चलने पुन्हा आली. पण आम्ही ती पूर्वीइतकी घेतली नाहीत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर तालुक्यातल्या प्रत्येक दुकानदाराला नवी बिलबुके हवी झाली आणि ट्रेडल रात्री उशिरापर्यंत चालले. 16 मार्च 2018 ला खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा आम्ही कोणाला काढले नाही. एकाच गिऱ्हाइकाकडून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काम येऊ नये, हे मी कोणी विचारले नाही तरी सांगत असतो.

काढलेल्या तिघींपैकी दोघी 2015 मध्ये परत आल्या. थोरल्या बाई आल्या नाहीत. निरोप पाठवला तेव्हा, आपल्याला काजूच्या कारखान्यात काम आहे, असे त्यांनी कळवले. मागच्या वर्षी मुलीच्या लग्नाचे आमंत्रण द्यायला त्या स्वतः आल्या. भाईंना वाकून नमस्कार केला, माझ्या हातात पत्रिका दिली आणि चहा न घेता गेल्या. पत्रिकेच्या मागे खाली बारीक अक्षरांत समोरच्या छापखान्याचे नाव होते. मी सवयीने वाचून पाहिली. घडी हाडकाने दाबलेली, धारदार होती, आणि अनुस्वार सगळे जागच्या जागी होते.