गोल्ड कार्ड आणि चोर्ल्याचा घाट

बेळगावात राहून एअरलाइनचं गोल्ड स्टेटस, म्हणजे वरचेवर उडणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा, टिकवता येतं का, असं मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. विचारणारे बहुतेक उद्यमबागेतले, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतलेच. कुणाची फाउंड्री, कुणाचं मशीन शॉप, कुणी माझ्यासारखं दुसऱ्याच्या कंपनीत एक्सपोर्ट बघणारं. वर्षातून काही वेळा जर्मनीला, मधेच तुर्कस्तानला जावंच लागतं. माझं उत्तर असं की टिकवता येतं, पण मुंबई-बेंगळूरवाल्यांच्या हिशेबानं नाही. त्यांनी एअरलाइन बघावी, हब बघावं, लाउंज बघावं. आपण आधी गोव्याच्या विमानतळाकडं उतरणारा घाट बघायचा आणि मग एअरलाइन.

सांबऱ्यावर माझी माया आहे. १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधलेला तो बेळगावचा विमानतळ, उत्तर कर्नाटकातला सगळ्यात जुना. २०१७ ला टर्मिनल नवं झालं, उडान योजनेत नाव लागल्यावर गावांची यादी वाढली. बेंगळूर, हैदराबाद, दिल्लीला इथून जाता येतं याचा मला अजूनही आनंद होतो. पण जर्मनीला घेऊन जाणाऱ्या एअरलाइनचं स्वतःचं विमान सांबऱ्याला उतरत नाही. त्यामुळे बरेच लोक काय करतात, तर सांबरा-बेंगळूर एक तिकीट आणि बेंगळूरहून पुढं दुसरं. दोन पीएनआर, दोन कंपन्या, आणि मधे सगळी जबाबदारी आपली.

आमच्या ऑफिसातल्या एकांचं जुलैत असंच झालं. सांबऱ्यावर ढग इतके खाली आलेले की विमान उतरलंच नाही. बेंगळूरला पोचेपर्यंत फ्रँकफर्टचं विमान गेलेलं. दुसऱ्या एअरलाइननं ‘नो-शो’ लावला आणि नियमाप्रमाणे परतीचं तिकीटही रद्द केलं. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे जातात, हे जवळपास सगळीकडेच आहे. इथं गोल्ड, प्लॅटिनम काही कामाला येत नाही, कारण पहिलं विमान उशिरा आलं याच्याशी दुसऱ्या कंपनीचा संबंधच नसतो. एकाच पीएनआरवर सांबऱ्यापासून कोडशेअर, म्हणजे एका कंपनीच्या तिकिटावर दुसरीचं विमान, मिळत असेल तर तो जरूर घ्यावा; फक्त त्या छोट्या टप्प्याचे पॉइंट आपल्या खात्यात येणार की नाही, ते तिकीट काढायच्या आधी बघावं.

माझं स्वतःचं सगळं आधी लुफ्थान्सावर होतं. काम जर्मनीत, त्यांचं हब फ्रँकफर्ट, त्यामुळे ते सरळच होतं. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायची, सकाळी बेंगळूर, तिथून देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत टॅक्सी, मग विमानापर्यंतचा दिवस कुठंतरी काढायचा. २०२४ पासून त्यांनी मैलांचा हिशेब बदलून पॉइंट आणले. फ्रीक्वेंट ट्रॅव्हलर या दर्जाला ६५०, त्यावरच्या सिनेटरला २,०००, आणि त्यातले निम्मे त्यांच्याच गटातल्या विमानांवर मिळवायचे. इकॉनॉमीत बसणाऱ्या माणसाला हे जड आहे. त्याच वर्षी जूनमध्ये कतार एअरवेजनं आपलं गोव्याचं विमान दाबोळीच्या जुन्या विमानतळावरून मोपाच्या नव्या विमानतळावर हलवलं. मला तेवढं पुरे झालं, मी कतारकडे वळले.

दाबोळीला जायचं म्हणजे घाट उतरून पणजी, मग झुआरी ओलांडून पुढं. मोपा उत्तर गोव्यात, पेडण्यात. बेळगावहून तिथं जायला दोन वाटा. एक पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, डिचोली, म्हापसा. दुसरी हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. अंतर दोन्हीकडून साधारण सारखंच पडतं. दुसऱ्या वाटेनं गेलं की एका प्रवासात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशी तीन राज्यं होतात. सीमेवर वातावरण तापलं की कोगनोळी नाक्यावर बसगाड्या थांबतात, पुण्या-मुंबईचं गणित बिघडतं. असल्या दिवसांत चोर्ला बरा. पावसाळ्यात मात्र उलटं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ गाडी उभी, डिकीत माझी बॅग. आमचे ड्रायव्हरकाका फोन ठेवून म्हणाले, “मॅडम, चोर्ला नको ओ आज. कणकुंबीच्या पुढं झाड पडलंय म्हणं.”

“मग काका, आंबोलीनं वेळेत पोचू का?”

“पोचू की. धुकं असणार, सावकाश जाऊया. तुम्ही झोपा जावा मागं.”

आंबोलीत वायपर पूर्ण वेगात होते आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मोपाला पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ उरलेला, आणि इकॉनॉमीची रांग दोरीला वळसे घालून मागं गेलेली. गोल्डवाल्यांना बिझनेसच्या काउंटरला जाता येतं. त्या रात्री स्टेटसचा उपयोग मला तिथं झाला. बेळगावकराला खरी गरज त्या रांगेतली आहे. घाटात गेलेला अर्धा तास तिथं भरून निघतो.

दुसरी गोष्ट वजन. माझ्या बॅगेत एसजी आयर्नचे (एक प्रकारचं ओतीव लोखंड) सॅम्पल असतात, व्हॉल्व्हच्या बॉडी, कधी मशीनिंग केलेलं पंपाचं कव्हर. तळहातावर मावणारा तुकडाही हात खाली ओढतो. ते हँडबॅगेत ठेवायचेच नाहीत. एक्स-रेवर भरीव लोखंड काळं ठिक्कर दिसतं आणि बॅग उघडायला लावतात. मी प्रत्येक पार्ट तेलकट कागदात, मग जुन्या टॉवेलात गुंडाळते, चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवते, आणि वर कंपनीच्या लेटरहेडवरचा कागद: पार्टचं नाव, वजन, ‘नमुना, विक्रीसाठी नाही’. गोल्डला जादा वजन मिळतं, ते या लोखंडात जातं. कुंद्याला, आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईला, जागा उरली असती तरी नेता आला नसता, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिथल्या आपल्या लोकांना मी शेंगदाण्याची चटणी नेते.

आता टिकवायचं कसं. कतारच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये दोन वेगळ्या वह्या असतात. एव्हिऑस हे खर्च करायचे, क्यूपॉइंट हे स्टेटसचे. सिल्व्हरला बारा महिन्यांत १५० क्यूपॉइंट, गोल्डला ३००, प्लॅटिनमला ६००. एकदा मिळालं की टिकवायला थोडे कमी लागतात: १३५, २७०, ५४०. काही बँकांच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट एव्हिऑसमध्ये बदलता येतात, म्हणून लोकांना वाटतं की कार्ड घासून गोल्ड मिळेल. त्यानं तिकीट मिळेल, स्टेटस नाही.

क्यूपॉइंट अंतरावर आणि फेअर क्लासवर, म्हणजे तिकिटाच्या दराच्या वर्गावर, ठरतात. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळे मिळतात. ट्रॅव्हल एजंट डोळे झाकून सगळ्यात स्वस्त तिकीट पाठवतो. मी त्याला दोन्ही दर विचारते, फरक थोडा असेल तर वरचं घेते, आणि साहेबांना कारण लिहून देते: तारीख बदलायची सोय. ते कारण खरंच आहे. जर्मन ग्राहक ऑडिटची तारीख आयत्या वेळी पुढं ढकलतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

आपले बारा महिने कुठल्या तारखेला संपतात ते खात्यात दिसतं. ती तारीख मी कॅलेंडरवर हॅनोव्हर मेसेच्या, तिथल्या औद्योगिक प्रदर्शनाच्या, शेजारी लिहून ठेवते. मेसे दरवर्षी असते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो. ड्युसेलडॉर्फची गिफा, फाउंड्रीवाल्यांचं प्रदर्शन, चार वर्षांतून एकदा. मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला, तेव्हा तिच्या जिवावर दरसालचं स्टेटस उभं करता येत नाही. तुर्कस्तानला जायचं झालं तर मी कतारच्या दोह्यावरूनच जाते, सरळ विमान मोहात पाडत असलं तरी. युरोपात छोटा टप्पा लागला तर ब्रिटिश एअरवेज, इबेरिया, फिनएअर यांतलं बघते, कारण त्या कतारच्याच वनवर्ल्ड या एअरलाइनच्या गटातल्या, आणि बुकिंग करतानाच कतारचा नंबर टाकते. ओमान एअरही २०२५ मध्ये वनवर्ल्डमध्ये आली. मस्कतमार्गे जाताना तोच नंबर चालतो. बोर्डिंग पास मात्र पॉइंट जमा होईपर्यंत फाडायचा नाही.

आणि खिशातले पैसे घालून, नुसत्या पॉइंटसाठी विमानात बसायचं नाही, हे मी सगळ्यांना आग्रहानं सांगते. वर्षाला एखादीच फेरी असेल तर स्टेटसचा विचारच सोडावा, एव्हिऑस जमवावेत. खात्यात काही ना काही हालचाल होत राहिली की ते बुडत नाहीत, छत्तीस महिन्यांची मुदत असते. माझ्या दिरांनी तेच केलंय. त्यांच्या दोन मुलींची दोह्यापर्यंतची तिकिटं त्यातूनच निघाली.

राहता राहिला सांबरा. १० मार्च २०२४ ला तिथल्या नव्या मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. इमारतीपेक्षा मला एका गोष्टीची जास्त वाट आहे: सांबऱ्याहून निघणारं एखादं विमान, ज्याचं तिकीट पुढच्या परदेशी विमानाबरोबर एकाच पीएनआरवर निघेल, बॅग थेट फ्रँकफर्टला लागेल आणि दोन्ही टप्प्यांचे पॉइंट एकाच खात्यात पडतील. ते झालं तर मी दुसऱ्याच दिवशी एअरलाइन बदलीन, गोल्ड सोडून खालून सुरुवात करावी लागली तरी. तोवर मोपा, आणि जून ते सप्टेंबर निघायच्या आधी कणकुंबीला एक फोन.