नजरचूक

आक्कांच्या वाटपाच्या दाव्याचं वादपत्र १९९८ साली मीच टाइप केलं होतं. सीनियर सांगत होते, मी टाइपरायटर बडवत होतो, खाली तीन कार्बन. गट नंबर २१८ च्या जागी २८१ पडला. भावांनी कैफियतीत ‘मिळकतीचे वर्णन मान्य’ लिहून टाकलं, निकालपत्रात तेच उतरलं, हुकूमनाम्यातही. मग प्रत्यक्ष वाटणीसाठी कागद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे गेले. तिथे फायली कशा झोपतात ते ज्याची जमीन अडकलीय त्याला विचारा. मोजणीदार बांधावर आले तेव्हा कुठे कळलं, २८१ भलत्याच माणसाचा.

लोकांना वाटतं, निकालात चूक म्हणजे अपील. अपील कशावर करणार? आक्का तर जिंकल्या होत्या. रिव्ह्यूची, म्हणजे त्याच कोर्टाकडे फेरविचार मागण्याची, मुदत ३० दिवस, ती कधीच उलटलेली. उरलं त्याच संहितेचं कलम १५२ : लेखनातली, आकडेमोडीतली किंवा नजरचुकीने झालेली चूक कोर्ट ‘केव्हाही’ दुरुस्त करू शकतं. त्या ‘केव्हाही’वर अर्ज उभा केला.

भावांच्या बाजूने आता उभ्या असलेल्या भाच्याच्या वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला : चूक वादपत्रातली, म्हणजे वादीची, हुकूमनाम्याला हात लावता येणार नाही. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता.

मूळ रेकॉर्डसाठी चार खेपा घातल्या. लाल फडक्यातलं गाठोडं, कडा वाळवीने खाल्लेल्या. पण निशाणी ३ च्या यादीसोबतचा सातबारा शाबूत होता, आणि तो २१८ चा! वादपत्रात चतुःसीमाही होती : पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. गावनकाशात ओढा २१८ लाच लागून वाहतो. २८१ च्या आसपास पाण्याचा थेंब नाही. सीनियर चतुःसीमा लिहिल्याशिवाय वादपत्रावर सही करत नसत. हल्लीचे ज्युनियर सातबारावरचा नंबर चिकटवतात आणि मोकळे होतात.

युक्तिवादात मी अंतुले खटल्याचा दाखला दिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी दिलेले निर्देश १९८८ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बहुमताने मागे घेतले; कोर्टाच्या चुकीची झळ पक्षकाराला बसू नये, म्हणून.

साहेबांनी चष्मा वर केला. ‘वकीलसाहेब, ती चूक कोर्टाची होती. ही कुणाची?’

‘टंकलेखनातली, साहेब,’ मी म्हणालो. तोंड कोरडं पडलं होतं. मग सातबारा आणि नकाशा पुढे केला. साहेबांनी ओढ्यावर बोट ठेवलं, ते बराच वेळ हललं नाही.

अर्ज मंजूर झाला. दुरुस्त हुकूमनाम्याची नक्कल हातात दिली तेव्हा आक्का कनवटीची पुरचुंडी सोडायला लागल्या. मी हात धरला, म्हटलं, या कामाची फी नाही. त्यांना गहिवरून आलं. शेजारच्या बाईला म्हणाल्या, ‘असा वकील मिळायला नशीब लागतं.’

मग नक्कल पिशवीत घालता घालता माझ्याकडे वळल्या. ‘पर सायेब, पयल्यांदा चुकलं कुनाचं वो?’

‘टायपिंगमध्ये झालं, आक्का.’

‘मेला कोन का असंना,’ म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.