ट्रेल शूज उतारावर तपासा

ट्रेल रनिंगचे, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर धावण्याचे शूज घेताना बहुतेकांचं लक्ष आधी सोलकडे जातं. ग्रिप महत्त्वाची आहेच, पण पायात नीट न बसणाऱ्या शूजची ग्रिप काही उपयोगाची नाही. उतारावर प्रत्येक पावलाला पाय शूजच्या आत पुढे सरकतो आणि बोटं समोर आदळतात. तासभर हे चाललं की अंगठ्याचं नख काळं पडतं. सपाट फरशीवर चार पावलं चालून हे कधीच कळत नाही.

म्हणून आधी माप. ते संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि लांब धावताना आणखी सुजतो. धावताना घालता तेच मोजे घाला, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन कागदावर उभे राहा. पेन सरळ उभं धरून दुसऱ्या कोणाला तरी पायाची कड आखायला सांगा. स्वतः वाकून आखलं की वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा असेल तो धरा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं. त्या बोटापुढे १० ते १२ मिमी जागा हवी. त्यामुळे रोजच्या बुटांपेक्षा अर्धा नंबर मोठा लागला तर बिचकू नका.

रुंदीसाठी सोपी युक्ती आहे. इनसोल, म्हणजे शूजमधला सुटा तळ, बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. करंगळी किंवा चवड्याची बाजू इनसोलबाहेर येत असेल, तर तो शू तुमचा नाही. 'वापरून सैल होईल' यावर विश्वास ठेवू नका. वरचं कापड थोडं सैलावतं, सोलची रुंदी तेवढीच राहते. आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात: शू जिथे वाकतो ती रेषा तुमच्या चवड्याच्या सांध्याखाली यायला हवी. लांबी बरोबर असूनही ही रेषा मागे पडली, तर शू तळव्याच्या मधोमध वाकतो आणि तिथे ताण येतो.

मग शूज बांधून उताराच्या रॅम्पवर किंवा जिन्यावरून उतरा. बोटं पुढे लागली, तर लगेच नंबर बदलू नका, आधी लेस बघा. शेवटचं जादा छिद्र त्यासाठीच असतं. लेस त्याच बाजूच्या त्या छिद्रात घालून छोटा फासा ठेवा, समोरच्या बाजूचं टोक त्या फाशातून ओवा, दोन्ही टोकं आधी खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच मागे पक्की बसते. एवढं करूनही बोटं लागत असतील, तर शू लहान आहे. टाच तरीही वर उचलली जात असेल, तर मागचा कप तुमच्या टाचेला मोठा आहे. तिथे फोड येणारच.

आता सोल. मुरमाच्या, कडक पायवाटेला ३ ते ४ मिमीचे लग, म्हणजे सोलखालचे रबरी दात, पुरतात. मिश्र वाटांना ४ ते ५ मिमी, आणि खऱ्या चिखलाला ६ मिमीच्या पुढचे, तेही एकमेकांपासून लांब, म्हणजे चिखल अडकून न राहता झडतो. ओल्या कातळावर मात्र खोल लग कामाचे नाहीत. तिथे मऊ रबर आणि खडकाला टेकणारा जास्त पृष्ठभाग लागतो. मऊ रबर लवकर झिजतं, हे मान्य करूनच घ्यायचं.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. १० मिमीची सवय असताना एकदम शून्यावर गेलात, तर पोटरी आणि टाचेमागची शीर बोंबलते. काही आठवडे छोट्या अंतरांसाठीच नवे शूज वापरा. जाड कुशनचा शू लांब पल्ल्याला आराम देतो, पण घसाऱ्यावर आणि सुट्या दगडांवर पाय जितका उंच, तितका घोटा मुरगळणं सोपं. दगडांच्या वाटेवर रॉक प्लेट, म्हणजे सोलमध्ये बसवलेली कडक पट्टी, असलेला शू घ्या. चवड्याखाली सोल अंगठ्याने जोरात दाबून बघा, टोक आतपर्यंत जाणवलं तर टोकदार दगडही जाणवेल.

वॉटरप्रूफ अस्तराचा मोह मी तरी टाळायला सांगेन. थंडीत, ओल्या गवतात ते बरं. पण ओढ्यात पाय घोट्यापर्यंत गेला की पाणी वरून आत शिरतं आणि मग तिथेच साठून राहतं. साधी जाळी पाणी सोडून देते आणि लवकर वाळते.

शूज साधारण ५०० ते ८०० किमी टिकतात. लग शाबूत दिसले तरी मिडसोल, म्हणजे मधला फोमचा थर, आधी मरतो. बाजूला आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या आणि दाबल्यावर फोम परत वर येत नसेल, तर नवी जोडी बघायला लागा आणि पाय पुन्हा मोजा. वयाबरोबर पाय पसरतो, जुन्या जोडीवरचा नंबर डोळे मिटून मागू नका.