डबा तोच, कार्ड नवं

उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये लेथच्या शेजारी पिवळट पडलेला एक डबा अजून दिसतो. १९९८च्या सुमाराचा पेंटियम टू प्रोसेसरचा संगणक, कीबोर्डवर कटिंग ऑइलचे ठसे. 'टाकून नवा का घेत नाही?' असं मालकाला विचारू नये. आत आयएसए नावाच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये मशीनचं कंट्रोल कार्ड बसलेलं असतं आणि आजच्या साध्या मदरबोर्डवर तो स्लॉटच येत नाही. मग डबा ठेवून प्रोसेसर बदलायचा, एवढंच हातात उरतं.

पेंटियम टू कॅसेटसारख्या काडतुसात येतो आणि बोर्डावरच्या स्लॉट-वन या खाचेत उभा बसतो. त्या जागी स्लॉकेट नावाचं कार्ड घालायचं; त्यावर सॉकेट ३७० असतं, त्यात पेंटियम थ्री. गिऱ्हाईक आधी मेगाहर्ट्झ विचारतं. विचारायला हवं व्होल्टेज. जुन्या पेंटियम टूला २.८ किंवा २.० व्होल्ट लागतात, कॉपरमाइन जातीच्या पेंटियम थ्रीला १.६५च्या आसपास. बऱ्याच जुन्या बोर्डांचा रेग्युलेटर १.८च्या खाली उतरतच नाही. मग पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी. म्हणून व्होल्टेज हाताने ठरवायचे जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या, असलेलंच स्लॉकेट घ्यावं.

दुसरी गोम बसची, म्हणजे बोर्डाच्या मूळ वेगाची. चिपचा वेग म्हणजे बस गुणिले गुणक, आणि गुणक चिपमध्येच पक्का असतो. ७००चा पेंटियम थ्री म्हणजे १०० गुणिले ७. ४४०एलएक्स चिपसेटच्या, ६६ची बस असलेल्या बोर्डावर तो ४६६लाच चालतो. पैसे ७००चे! तिथे ६६ गुणिले ८.५ वाला ५६६चा सेलेरॉन बरा. १००ची बस चालवणारा ४४०बीएक्स असेल तर मात्र नाद खुळा.

बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम, त्याचं अपडेट पेंटियम टूचं जुनं काडतूस काढायच्या आधीच उरकावं, आणि तेही यूपीएसवर. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला. स्लॉटमध्ये फाउंड्रीची काळी धूळ बसलेली असते. तीत लोखंड आणि ग्रॅफाइट, म्हणजे वीज वाहणारा माल. ब्लोअर आणि ब्रशशिवाय पुढे जाऊ नये. पावसाळ्यात काळवंडलेले कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसावेत, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिपवर थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. कूलरची क्लिप स्क्रूड्रायव्हरने तिरपी दाबली की उघड्या डायचा, म्हणजे चिपच्या सिलिकॉनचा, कोपरा उडतो, आणि तो काही चिकटवता येत नाही.

सगळं नीट बसलं, डॉस सुरू झालं, मशीनचा प्रोग्राम उघडला आणि 'रनटाइम एरर २००'. कार्डाला शिव्या घालू नका. टर्बो पास्कल या जुन्या भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरू होताना ५५ मिलिसेकंदांत लूप किती वेळा फिरतो ते मोजतात आणि त्याला ५५ने भागतात. वेगवान चिपवर मोजणी ३६ लाखांच्या वर गेली की उत्तर १६ बिटांत मावत नाही. प्रोग्रामच्या फाइलला पॅच मारला की हा एरर जातो. पण वेळ रिकाम्या लूपवर मोजणारे प्रोग्राम पॅचलाही जुमानत नाहीत. पल्सगणिक एक पाऊल फिरणाऱ्या स्टेपर मोटरला पल्स भराभर जातात आणि मोटर स्टेप चुकवते. अशा मशीनवर जुनं काडतूसच परत बसवावं. ते तोवर भंगारवाल्याकडे गेलेलं नसलं म्हणजे मिळवली.